माळवद उतरवल्यावर छताला ढाळ कसा द्यावा: निमुळत्या लाकडी पट्ट्यांची रीत

मराठवाड्यातल्या जुन्या घराचे माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर आडव्या कड्या टाकून त्यांवर माती पसरलेले सपाट छत, गळू लागले की पहिला उपाय ठरलेला असतो: पांढरी माती आणायची, वर आणखी एक थर टाकायचा, चोपायचा आणि पुढच्या पावसाची वाट पाहायची. पाणी जिथे साचते तिथे माती थोडी जास्त, पन्हळीकडे थोडी कमी, अशा अंदाजाने ढाळही त्याच मातीतून दिला जातो. असे दहा-वीस पावसाळे गेले की वीतभर जाडीच्या मातीचा थर हातभर होतो. १२ फूट बाय १० फुटांच्या खोलीवर एक फूट माती असेल, तर कोरडेपणीच तिचे वजन पाच टनांहून अधिक भरते आणि भिजल्यावर ते आणखी वाढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात एवढी माणसे का गेली, याचे मोठे कारण मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची ही जाड माळवदे हेच होते.

ज्यांना जुन्या घराच्या सागवानी तुळया आणि कड्या ठेवायच्या आहेत, पण वरची माती उतरवून हलके व न गळणारे छत करायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ढाळ वजनाने देण्याऐवजी लाकडाच्या आकाराने द्यावा, ही त्यामागची साधी गोष्ट आहे. प्रत्येक कडीच्या डोक्यावर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक अशी लांब पाचरीसारखी पट्टी बसवायची, त्यावर प्लायवूड आणि प्लायवूडवर जलरोधक थर टाकायचा. ब्रिटनमध्ये लाकडी सपाट छतांना ढाळ देण्याची ही रूढ पद्धत असून तिथे या पट्टीला फरिंग म्हणतात. मी येथे तिला ढाळपट्टी म्हणणार आहे.

ढाळ किती असावा

सपाट छत म्हणजे पाणसळीत, अगदी समपातळीत असलेले छत नव्हे, हे नवख्या माणसाने आधी मनात पक्के करावे. सपाट छतांच्या ब्रिटिश मानकात, म्हणजे बीएस ६२२९ मध्ये, तयार छताचा ढाळ कुठेही ८० ला १ (८० फूट लांबीत १ फूट उतार) पेक्षा कमी नसावा आणि तो तसा राहावा म्हणून आखणी ४० ला १ ने करावी, असे सांगितले आहे. कागदावरचा ढाळ आणि प्रत्यक्षातला ढाळ यांत इतका फरक धरावा लागतो, कारण लाकूड वाकते, भिंत खचते आणि सुताराचा हातही कुठेतरी चुकतो.

आपल्याकडे सुतार सुतात मोजतो, म्हणून हाच हिशोब सुतात मांडणे सोयीचे पडते. एका इंचाची आठ सुते. फुटाला अडीच सूत ढाळ दिला की तो ४० ला १ पेक्षा किंचित अधिक होतो, तर फुटाला सव्वा सूत म्हणजे जवळजवळ ८० ला १. तेव्हा आखणी अडीच सुताने करावी आणि काम झाल्यावर कुठेही सव्वा सुताच्या खाली गेलेले नाही ना, हे तपासावे.

उदाहरण म्हणून वरचीच खोली घेऊ. पाणी १२ फुटांच्या दिशेने वाहून न्यायचे आहे. बारा गुणिले अडीच म्हणजे तीस सूत, अर्थात पावणेचार इंच. पट्टीचे बारीक टोक एक इंचापेक्षा कमी ठेवू नये, नाहीतर खिळा ठोकताच ते उभे चिरते. म्हणजे बारीक टोक एक इंच आणि जाड टोक पावणेपाच इंच. कड्या दीड दीड फुटावर असतील तर अशा आठ पट्ट्या लागतात आणि दोन इंच रुंदीच्या सागवानी पट्ट्या घेतल्या तर आठही मिळून सत्तर किलोच्या आसपास भरतात. पाच टन मातीसमोर हे वजन किती, याचा हिशोब वाचकाने स्वतःच करावा.

हे काम हाती घेण्यापूर्वी जिन्याच्या दाराकडे एकदा पाहावे. जाड टोक दाराच्या बाजूला येत असेल, तर छत त्या बाजूला पावणेपाच इंच अधिक प्लायवूडची जाडी इतके वर येते. उंबरा तयार छताच्या पृष्ठभागापासून निदान सहा इंच उंच राहिला पाहिजे, कारण जलरोधक थर भिंतीवर तेवढा वर चढवावा लागतो. हे जमत नसेल तर ढाळाची दिशा उलटी करावी, किंवा मध्ये कणा ठेवून दोन्हीकडे सहा-सहा फुटांचा ढाळ काढावा. तसे केल्यास चढ निम्म्यावर येतो, मात्र पन्हळी दोन्ही बाजूंना लागतात.

माती उतरवणे आणि लाकूड पारखणे

माती उतरवण्याचे काम होळीनंतर घ्यावे आणि सगळे छत मृगाच्या आधी बंद व्हावे, असे वेळापत्रक ठेवावे. खालून प्रत्येक तुळईला टेकू लावल्याशिवाय वर माणूस चढवू नये. माती एकाच बाजूने खणत जाऊ नये. ती सगळीकडून सारख्या थरांनी उतरवावी, म्हणजे भार एकीकडे झुकत नाही. माती निघाल्यावर खालचा पाला, तुराट्या आणि ज्याला आपल्याकडे किलचण म्हणतात ती फळकुटे हळूच उचलावीत. त्यांत विंचू हमखास निघतात, म्हणून हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय कोणाला हात घालू देऊ नये.

मग कड्या पारखाव्यात. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिले की चांगले लाकूड खणखणीत बोलते आणि पोखरलेले बद्द वाजते. पण कडीचा मधला भाग पाहून समाधान मानू नये. लाकूड सर्वांत आधी कुजते ते भिंतीत गेलेल्या टोकांशी, कारण तिथे ओल राहते आणि वारा लागत नाही. त्या टोकांत पेचकस टोचून पाहावा. तो अर्धा इंच सहज आत गेला तर कडी बदलावी. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या नुसत्या खरवडून भागत नाही, वाळवी कुठून चढते ते भिंतीच्या पायापर्यंत शोधावे लागते. भिंतीला उभी भेग गेली असेल किंवा ती बाहेर फुगली असेल, तर येथेच थांबून अनुभवी अभियंत्याला दाखवावे, कारण ढाळपट्ट्यांनी ते दुखणे बरे होणार नाही.

एक इशारा मात्र आवर्जून देतो, कारण तो सहसा कोणी देत नाही. माती उतरली की छत हलके होते, आणि हलके छत वाऱ्याने उचलले जाते. एप्रिल-मेच्या अवकाळीत पत्रे कसे उडतात ते आपण दरवर्षी पाहतो. आजवर पाच टन माती कड्यांना जागेवर दाबून धरत होती. आता ते काम लोखंडी पट्ट्यांनी करावे लागेल. प्रत्येक कडी तुळईला आणि तुळयांची टोके भिंतीला जस्ती पट्टीने बांधून घ्यावीत. मातीत रचलेल्या भिंतीच्या वरच्या दोन-तीन थरांत पट्टीला पकड मिळत नाही, तिथे भिंतीच्या माथ्यावर सिमेंट काँक्रीटचा सळई घातलेला पट्टा ओतून त्यात पट्ट्या अडकवाव्यात. या पट्ट्यामुळे चारही भिंती एकमेकींना धरून राहतात, हा दुसरा फायदा.

दोरी लावून मोजणे

साऱ्या कामाचा जीव या टप्प्यात आहे, म्हणून येथे घाई करू नये.

पुस्तकी रीत अशी की ढाळ ठरला, लांबी मोजली, एक साचा काढला आणि सगळ्या पट्ट्या त्या साच्यावर कापल्या. नव्या, रंधून सरळ केलेल्या आणि पाणसळीत बसवलेल्या कड्यांवर ही रीत चालते. शंभर वर्षांच्या घरात ती चालत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते, त्यामुळे एक भिंत दुसरीपेक्षा इंच-दोन इंच खाली गेलेली असते. कड्या हाताने तासलेल्या असतात, एक जाड तर दुसरी बारीक. आणि वर्षानुवर्षांच्या भाराने मधल्या कड्यांना बाक आलेला असतो. मी माझ्या पहिल्याच कामात साचा वापरला होता. आठही पट्ट्या अगदी एकसारख्या, बघत राहावे अशा कापल्या होत्या. मृगाच्या पहिल्या सरीनंतर वर जाऊन पाहिले तर छताच्या बरोबर मध्यावर परातीएवढे पाणी साचलेले होते, कारण मधल्या दोन कड्या इंचभर झोळ खाल्लेल्या होत्या आणि माझ्या सुरेख पट्ट्यांनी तो झोळ जसाच्या तसा वर पोचवला होता. जलरोधक थर फाडून प्लायवूड पुन्हा उचलावे लागले.

तेव्हापासून मी कागदावरचा आकडा बाजूला ठेवून दोरी लावतो. पारदर्शक नळीत पाणी भरून, तिच्यात हवेचा बुडबुडा राहिलेला नाही हे पाहून, चारही भिंतींवर एकच पातळी पेन्सिलीने उतरवून घ्यावी. त्या पातळीच्या आधारे जाड टोकाकडच्या भिंतीवर आणि पन्हळीकडच्या भिंतीवर अशा दोन खुणा कराव्यात की त्यांच्यातला फरक बरोबर पावणेचार इंच येईल. या दोन खुणांमध्ये, प्रत्येक कडीच्या डोक्यावरून, नायलॉनची बारीक दोरी ताणून बांधावी. ही दोरी म्हणजे तयार झालेल्या पट्टीची वरची कड. आता दर दोन फुटांवर दोरीपासून कडीच्या पाठीपर्यंतचे अंतर मोजावे. ते अंतर म्हणजेच त्या जागी पट्टीची उंची. वेगळा हिशोब उरत नाही; कडी वाकलेली असो की भिंत खचलेली असो, सगळे त्या मोजमापात आपोआप येते.

एखाद्या जागी अंतर एक इंचापेक्षा कमी भरले तर सगळ्या दोऱ्या तेवढ्या वर घ्याव्यात, एकच दोरी वर घेऊ नये. मोजलेले आकडे वहीत लिहावेतच, पण कडीच्या कुशीवरही त्या त्या जागी पेन्सिलीने लिहून ठेवावेत आणि कडीला क्रमांक द्यावा, म्हणजे कापलेल्या पट्ट्यांची अदलाबदल होत नाही.

पट्ट्या कापणे

लाकूड वाळलेले हवे. ओल्या लाकडाच्या पट्ट्या मराठवाड्याच्या मे महिन्यात पंधरा दिवसांत पिळवटतात आणि वरचे प्लायवूडही उचलतात. जुन्या घराचेच लाकूड शिल्लक असेल तर त्यासारखे दुसरे नाही. किनवटच्या बाजूचा साग चांगला, पण बाभूळ किंवा कडुनिंबही चालतो, फक्त बाभळीला खिळ्यासाठी आधी भोक पाडावे लागते. नवे लाकूड घेतल्यास बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवून वाळवून घ्यावे, त्याने वाळवीला आणि भुंग्याला आळा बसतो. हे क्षार पावसाने धुऊन जातात, पण छताच्या आत, कोरड्या जागी ते टिकतात. काळे जळके तेल पुष्कळ जण लावतात. मला ते पटत नाही, कारण त्याचा वास खोलीत महिनोन् महिने उतरत राहतो आणि वर टॉर्चचे, म्हणजे गॅसच्या ज्योतीचे, काम करायचे असेल तर ते धोक्याचे ठरते.

कापताना लाकूड वाचवण्याची एक युक्ती आहे. बारीक टोक एक इंच आणि जाड टोक पावणेपाच इंच, यांची बेरीज पावणेसहा इंच. दोन इंच जाडीची आणि पावणेसहा इंच अधिक करवतीच्या पात्यापुरते एक-दोन सूत इतक्या रुंदीची फळी घ्यावी. तिच्या एका टोकाला खालून एक इंचावर आणि दुसऱ्या टोकाला खालून पावणेपाच इंचांवर खूण करून, गेरूत भिजवलेली दोरी त्या दोन खुणांवर ताणून टिचकी मारावी. उमटलेल्या तिरप्या रेघेवर कापले की एकाच फळीतून दोन सारख्या पट्ट्या निघतात आणि भुशाखेरीज काही वाया जात नाही. कडीला बाक असेल, तर फळी तेवढी अधिक रुंद घ्यावी आणि पट्टीची खालची कड मोजलेल्या आकड्यांप्रमाणे तासून कडीच्या पाठीशी जुळवावी. वरची कड मात्र सरळच राहिली पाहिजे. पट्टी आणि कडी यांच्यामध्ये फट राहिली तर तिच्यात कपच्या ठोकून भरण्याचा मोह टाळावा. चार महिन्यांत त्या कपच्या सैल होतात आणि वर चालणाऱ्याच्या पायाखाली छत करकरू लागते.

कड्या पाण्याच्या दिशेला आडव्या असतील तर काम उलट सोपे होते. तेव्हा पट्टी निमुळती नसते. प्रत्येक कडीवर एकाच जाडीची पट्टी येते आणि ती जाडी कडीगणिक कमी होत जाते. दीड फुटाला पावणेचार सूत येतात, सुतार सरळ अर्धा इंच धरतो, आणि ते योग्यच आहे. पन्हळीजवळच्या कडीवर एक इंच, मग दीड, दोन, अडीच, असे करत नवव्या कडीवर पाच इंच. येथेही दोरी लावून मोजायचे ते मोजायचेच.

कड्या तुळईवर जोडलेल्या असतील तर शक्यतो पट्टी अखंड घ्यावी, आणि पट्टीला जोड द्यावाच लागला तर तो तुळईच्या बरोबर डोक्यावर आणावा.

बसवणे

बारीक टोकाकडून सुरुवात करावी. तिथे चार इंची खिळा किंवा स्क्रू सरळ वरून जातो. त्याआधी बारीक भोक पाडून घ्यावे. खिळे एका रांगेत न ठोकता डावीकडे-उजवीकडे असे आलटून पालटून, दर फुटाला एक ठोकावेत. जाड टोकाकडे सरळ खिळा कडीपर्यंत पोचत नाही, म्हणून तिथे दोन्ही कुशींमधून तिरके खिळे मारावेत आणि शिवाय दर दोन-तीन फुटांवर छोटा लोखंडी कोन लावावा. पावणेपाच इंच उंच आणि दोन इंच रुंद पट्टी एकटी उभी राहिली की आडवी पडू पाहते. तिला आळा म्हणून दोन पट्ट्यांच्या मध्ये आडवे लाकडी ठोकळे द्यावेत; जाड टोकाच्या अर्ध्या भागात असे ठोकळे दोन ओळींत पुरतात. ठोकळे पट्टीपेक्षा थोडे बुटके ठेवावेत, म्हणजे त्यांच्यावरून हवा खेळते.

ही हवा महत्त्वाची आहे. पट्ट्यांच्या मधली पाचरीच्या आकाराची पोकळी दोन्ही टोकांना बंद केली, तर खोलीतला दमटपणा तिच्यात कोंडून प्लायवूड खालून कुजते. दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत आणि त्यांना बारीक जस्ती जाळी लावावी, नाहीतर उंदीर आणि पाकोळ्या त्या जागेचा ताबा घेतात. मातीचे माळवद उन्हाळ्यात थंड राहायचे, ही त्याची थोरवी मान्यच करावी लागते. ती भरून काढण्यासाठी थर्मोकोल किंवा ग्लासवूल घालायचे असेल तर ते कड्यांच्या मधल्या जागेत घालावे, पट्ट्यांच्या पोकळीत नव्हे.

वर १८ मिलिमीटर जाडीचे, आयएस ७१० ची खूण असलेले मरीन प्लायवूड स्क्रूने बसवावे. दोन तक्त्यांचा सांधा पट्टीच्या डोक्यावरच यावा आणि तक्त्यांमध्ये सुतभर फट ठेवावी, कारण ऊन-पावसाने प्लायवूड थोडे फुगते-आकसते. जलरोधक थर लावण्याआधी एक बादली पाणी जाड टोकाकडे ओतून त्यावर चिमूटभर भुसा टाकावा. भुसा वाहत पन्हळीपर्यंत गेला तर ठीक. मध्ये कुठे गरगरत थांबला तर ती जागा आत्ताच दुरुस्त करावी.

जलरोधक थर म्हणून डांबरी मेंब्रेन टॉर्चने चिकटवणारे कारागीर आता सगळीकडे मिळतात, पण त्यांचा हात स्लॅबवर बसलेला असतो. लाकडावर थेट ज्योत फिरवू देऊ नये; पोकळीत पडलेल्या भुशाने आग धरली तर ती बाहेरून दिसतही नाही. आधी खिळ्यांनी ठोकलेला किंवा स्वतः चिकटणारा खालचा थर घ्यावा, आणि ज्योतीचे काम केवळ त्याच्यावरच्या थरापुरते, पाण्याच्या बादल्या जवळ ठेवून, करावे. मेंब्रेन भिंतीवर सहा इंच चढवून खाचेत दाबावे आणि वर पांढरा परावर्तक रंग द्यावा. फरशी किंवा चायना मोझॅक लावू नये. वजन कमी करण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

मेंब्रेनऐवजी नालीदार पत्रे टाकायचा विचार असेल, तर अडीच सुताचा ढाळ पुरणार नाही. पत्र्यांच्या एकमेकांवरच्या पदरांत पाणी शिरू नये म्हणून फुटाला निदान एक इंच ढाळ लागतो आणि एवढी उंची ढाळपट्ट्यांनी देणे शहाणपणाचे नाही. स्लॅबच्या घरालाही या पट्ट्या खिळवायच्या नसतात. तिथे मात्र कोबा ओढताना दोन निमुळत्या पट्ट्या तात्पुरत्या ठेवून त्यांवरून फळी फिरवली तर गवंड्याला ढाळ बिनचूक मिळतो, आणि नंतर पट्ट्या काढून खाचा भरून घेता येतात.

पाणी खाली कुठे जाणार

एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. आपली खोली सव्वाअकरा चौरस मीटरच्या जरा आत आहे. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने सर आली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लिटर, म्हणजे एक मोठी बादलीभर पाणी पन्हळीकडे येते. एक चार इंची नळ त्याला पुरतो, तरी तोंडे दोन ठेवावीत, कारण लिंबाच्या पाल्याने एक तुंबणारच. पन्हळ भिंतीपासून दीड फूट तरी बाहेर काढावी किंवा नळाने पाणी दूर न्यावे. भिंतीच्या पायाशी काळ्या मातीत मुरलेले पाणी तीच भिंत पुन्हा हलवते आणि मग दोरी लावून दिलेला ढाळ बिघडतो. नळाखाली टाकी ठेवली तर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरून या एका खोलीवरून सहा हजार लिटरच्या वर पाणी हाती येते. २०१६ साली ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पन्हळीची तोंडे वर्षातून दोनदा साफ करावीत: एकदा मृगाच्या आधी आणि एकदा भाद्रपदात, परतीचा पाऊस सुरू होण्यापूर्वी, कारण आपल्याकडे छते गळतात ती बहुधा याच पावसात. त्याच वेळी झरोक्यांच्या जाळ्या पाहाव्यात आणि नळीने पाणसळ घेऊन ढाळ पुन्हा मोजावा. पहिल्या दोन वर्षांत लाकूड थोडे बसते; फुटाला सव्वा सुतापेक्षा ढाळ कमी झालेली जागा दिसली, तर कोणत्या क्रमांकाची कडी आहे ते वहीत पाहून तिच्या खाली टेकू द्यावा.